डोनल हॅरनचा सत्कार

दत्तप्रसाद साठे यांच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार होते: ज्यांचा सत्कार झालाय ते आणि ज्यांचा राहून गेलाय ते. पुणे महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात त्यांनी नोकरी केली, ती पोटासाठी. मन लावून केले ते सत्कार. सोसायटीचा वॉचमन गावी परत निघाला, सत्कार. खात्यातला व्हॉल्व्हमन निवृत्त झाला, सत्कार. समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीला डॉक्टरेट मिळाली, ती नको नको म्हणत असताना तिचाही सत्कार. शाल कुठल्या दुकानातून आणायची, हार आधी की नारळ आधी, परिचय वाचणारा रंगात आला की त्याला खाली कसं बसवायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. बायको गेल्यावर मुलाने त्यांना सिडनीला आणलं, तेव्हा बॅगेतून लोणच्याची बरणी काढून त्यांनी त्या जागी चार शाली कोंबल्या.

"बाबा, इथे कोणाला घालणार आहात या?" त्यांची सून चारुता बॅग उघडताना म्हणाली होती.

"लागतात," ते म्हणाले.

लागली ती एकच. आणि तीही लागली नसती तर फार बरं झालं असतं.

सिडनीच्या क्वेकर्स हिल उपनगरात मुलाच्या, निनादच्या घरापासून दोन वळणांवर एक मैदान होतं. मुलगा आणि सून आपापल्या लॅपटॉपला जुंपले गेले की दत्तप्रसाद तिथे फेऱ्या मारायला जात. पहिले काही महिने त्यांच्याशी कोणी बोललं नाही. लोक "मॉर्निंग" म्हणत आणि उत्तराची वाट न बघता पुढे पळत. पुण्यात माणूस निदान अपमान करायला तरी थांबतो. मग एकदा रस्ता ओलांडायला उभे असताना त्यांच्या पाठीला काहीतरी टेकलं. वळून बघतात तर एक उंच, रुंद, मोडक्या नाकाचा म्हातारा. त्याच्या उजव्या हाताची मागची बाजू यांच्या पाठीवर आणि नजर मात्र रस्त्यावरच्या गाड्यांकडे.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "पाकीट मारत नाहीये. जुनी सवय आहे."

हा डोनल हॅरन. आयुष्यभर फुटबॉल खेळलेला, तोही बचावपटू, आपल्या गोलसमोर ठाण मांडून उभा राहणारा. त्याने तिथेच फुटपाथवर दत्तप्रसादांना सवयीचं कारण समजावलं. डोळे चेंडूवर ठेवायचे असतात, पण ज्याला रोखायचंय तो खेळाडू कुठे सरकतोय तेही कळायला हवं. दोन्हीकडे एकदम बघता येत नाही. म्हणून हात. तळवा लावला तर रेफरी म्हणणार ढकललंस. मागची बाजू टेकवली तर कोणी काही म्हणत नाही, आणि तो निघाला की तुमच्या हाताला आधी कळतं. खेळणं सोडून चाळीस वर्षं होत आली, पण गर्दीत, रांगेत, रस्त्याच्या कडेला शेजारी कोणी उभं राहिलं की डोनलचा हात आपला जाऊन टेकायचाच.

तेव्हापासून दोघांची मैदानाच्या कडेच्या बाकावर बैठक बसायला लागली. बोलणं इंग्रजीत, म्हणजे एकाची इंग्रजी आयर्लंडच्या खेड्यातली आणि दुसऱ्याची नारायण पेठेतली. निम्मं कळायचं नाही. पण वयाच्या सत्तरीनंतर निम्मं कळलं तरी मैत्रीला पुरतं, आणि न कळलेलं पुन्हा सांगायला दोघांकडे वेळच वेळ होता.

डोनलची कारकीर्द दत्तप्रसादांनी अशी तुकड्या-तुकड्यांनी ऐकली. सोळाव्या वर्षी तो स्लायगोजवळच्या गावातून बोटीने इंग्लंडला गेला. तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या क्लबांत बारा-तेरा वर्षं चिखलात उभा राहिला. आयर्लंडच्या संघात एकदा निवड झाली. गावाहून आई-वडील बसने डब्लिनला आले आणि डोनल सगळा सामना राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून राहिला. पुन्हा बोलावणं आलं नाही. तिशीला टेकल्यावर सिडनीच्या एका क्लबने विचारलं, म्हणून इकडे आला, थोडी वर्षं खेळला आणि मग निवृत्त होऊन कौन्सिलच्या बागांमधलं गवत कापत म्हातारा झाला. बायको गेली. मुलगी नोरा डार्विनला हॉस्पिटलात नर्स होती.

"गोल किती केलेस?" दत्तप्रसादांनी विचारलं होतं, कारण परिचयात आकडा लागतो.

"सांगण्यासारखे नाहीत. माझं काम गोल करायचं नव्हतं. काही घडू द्यायचं नाही, हे काम. काही घडलं नाही तर तुझं नाव कोणी घेत नाही. घडलं की मात्र सगळे तुझ्याकडे बघतात."

हे ऐकून दत्तप्रसाद बाकावर सरसावून बसले. पाणी आलं म्हणून पाणीपुरवठ्यात कधी कोणाचा फोन आला नव्हता. फोन यायचा तो पाणी गेलं की. इतक्या लांब येऊन आपल्याच खात्यातला माणूस भेटावा तसं त्यांना झालं. याचा सत्कार राहून गेलाय, हे त्यांनी त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

यंदाच्या थंडीत डोनल त्यांना "टॉमी" म्हणायला लागला. टॉमी हा इंग्लंडमधल्या क्लबात त्याच्या शेजारी खेळणारा जोडीदार. पहिल्यांदा दत्तप्रसाद हसले. मग मनात थोडे सुखावलेही, कारण टॉमीबद्दल डोनल फार चांगलं बोलायचा. मग तो एकदा मैदानातून बाहेर पडताना उलट्या दिशेला चालू लागला आणि दत्तप्रसादांनी हाक मारल्यावर म्हणाला की बस तिकडून सुटते. बस तिकडून सुटत नव्हती. कुठूनच सुटत नव्हती. त्याचं घर समोर दिसत होतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते डोनलनेच येऊन सांगितलं, हवामान सांगावं तसं. डोकं जात चाललंय, आठवण राहत नाही. जुन्या बचावपटूंचं असं होतं म्हणतात. वरून येणारा प्रत्येक चेंडू डोक्याने परत मारायचा आणि पावसात तो चेंडू भिजून विटेसारखा व्हायचा. नोरा ऑक्टोबरअखेर येऊन त्याला कायमचं डार्विनला नेणार होती.

मग डोनल पुढे म्हणाला.

"मला एक काम करायचंय. विसरायच्या आत."

मग त्याने थिओ मानोसची गोष्ट सांगितली. त्या दिवशी त्याची जीभ कुठे अडखळली नाही की कोणाचं नाव चुकलं नाही, म्हणून दत्तप्रसादांना ती शब्दन् शब्द लक्षात राहिली.

थिओ विरुद्ध संघातला फॉरवर्ड, ग्रीक आई-बापाचं सिडनीत वाढलेलं पोर, वीसही पूर्ण नसेल. पायात वारं भरलेलं. इंग्लंडमधल्या एका मोठ्या क्लबने त्याला चाचणीला बोलावलं होतं आणि ते सगळ्या लीगला माहीत होतं. त्या सामन्यात तो डोनलला दोनदा सहज हुलकावणी देऊन गेला. दुसऱ्या वेळी प्रेक्षकांत हशा पिकला. तिसऱ्यांदा चेंडू थोडा पुढे गेला आणि डोनल धावत गेला.

"सगळे म्हणाले चेंडूसाठी गेला. रेफरीने नुसतं पिवळं कार्ड दाखवलं. मीही जन्मभर तेच म्हणत आलो. चेंडूसाठी गेलो नव्हतो, दत्ता. चेंडू मला मिळणार नाही हे मला दिसत होतं. मी त्याच्या पायासाठी गेलो. आवाज आला तेव्हा मला बरं वाटलं. क्षणभर. पण वाटलं."

त्या पोराचा गुडघा पुन्हा कधी धड झाला नाही. इंग्लंड राहिलं, खेळणंही राहिलं. डोनल हॉस्पिटलात गेला नाही, कधी समोर आला नाही. लोकांना वाटलं, वाईट वाटलं असेल बिचाऱ्याला. खरं काय ते फक्त त्यालाच माहीत होतं. बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं.

"लिहून पाठव की," दत्तप्रसाद म्हणाले.

"नाही. असलं तोंडावर सांगायचं असतं. तो कुठे असतो ते मला शोधून दे. आणि तू सांगू नकोस त्याला. मी सांगणार. नुसतं त्याच्यासमोर नेऊन उभं कर मला."

दत्तप्रसादांनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि शब्द दिला.

शोधायला फार काही लागलं नाही. मैदानावरच्या क्लबात जुन्या लोकांची एक चौकडी शनिवारी बिअर घेऊन बसायची. त्यातल्या एकाने तिथल्या तिथे नंबर दिला. थिओ मानोस केलीव्हिलला राहत होता, मोटारीने पंधरा-वीस मिनिटांवर. टाइल्सचा धंदा होता, तो आता मुलं बघत होती. इतकी वर्षं दोघं जवळजवळ शेजारी राहत होते.

दत्तप्रसादांनी फोन लावला. पलीकडे जाड, सावकाश आवाज. दत्तप्रसादांनी डोनल हॅरनचं नाव सांगितलं.

"जिवंत आहे तो?" थिओने विचारलं.

"आहे. तुम्हाला भेटायची इच्छा आहे त्याची."

"मी रविवारी मोकळा आहे," थिओ म्हणाला. "रविवारी येतो. घरी असतो ना तो?"

आता इथे कोणीही शहाणा माणूस "हो" म्हणाला असता आणि फोन ठेवून बिस्किटं आणायला गेला असता. पण दत्तप्रसादांच्या डोक्यात तोवर हॉल सजला होता. सिडनीतल्या त्यांच्या भागातल्या मराठी मंडळाचं दसऱ्याचं स्नेहसंमेलन. व्यासपीठावर डोनल हॅरन. सत्काराला प्रमुख पाहुणा लागतो आणि तो त्याच क्षेत्रातला असावा लागतो. हा तर डोनलविरुद्ध खेळलेला. शाल याच्या हातून, नारळ याच्या हातून. टाळ्या. मग चहाच्या वेळी दोघं एका कोपऱ्यात बसतील आणि डोनल त्याला जे सांगायचं ते सांगेल. शाल अंगावर असली की माणसाला बळ येतं, हा त्यांचा अनुभव होता. शिवाय तो रविवार पितृपक्षातला होता.

"रविवारी नको," दत्तप्रसाद म्हणाले. "आम्ही जरा नीट कार्यक्रम करतोय. दसऱ्यानंतरच्या रविवारी. तुम्हीच प्रमुख पाहुणे."

थिओ म्हणाला, "नो वरीज," म्हणजे चालेल.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी हे घरात सांगितलं. निनादने मान डोलावली, कारण तो जेवताना कशालाही मान डोलावतो. चारुताने घास खाली ठेवला.

"बाबा, रविवारीच भेटवा ना त्यांना. इतकी वर्षं थांबलेत. शाल कशाला मध्ये?"

"अगं, पितृपक्ष आहे. चांगलं काम कशाला मुद्दाम त्यात?"

"तुम्ही कुठे मानता पितृपक्ष?"

"मानत नाही. पण मुद्दाम कशाला?"

चारुता एवढंच म्हणाली, "डोनल अंकलना आज मी दुकानात भेटले. त्यांनी मला ओळखलं नाही." दत्तप्रसाद म्हणाले, तू गॉगल लावला असशील. तिने लावला नव्हता.

थिओ सापडला हे त्यांनी डोनलला सांगितलंच नाही. ऐन वेळी समोर उभा करायचा, असा बेत. सप्टेंबरात मैदानावर मॅगपाय पक्ष्यांची पिल्लांची वेळ सुरू झाली, ते डोक्यावर झडप घालायचे, म्हणून दोघं एका छत्रीखाली फेऱ्या मारत. डोनल रोज विचारायचा, "सापडला का तो पोरगा?" दत्तप्रसाद हसू दाबून म्हणायचे, "चाललंय, चाललंय." डोनल मान हलवायचा. कधी कधी एकाच फेरीत दोनदा विचारायचा. एकदा तर त्याने छत्रीखाली त्यांचा दंड धरला आणि म्हणाला, "लवकर बघ रे. सकाळी उठलो की आधी मी त्याचं नाव घेऊन बघतो. अजून येतंय." दत्तप्रसादांना तिथेच सांगून टाकावंसं वाटलं. तरी ते "चाललंय"च म्हणाले. बेत बेत असतो.

पितृपक्ष संपला, घट बसले. हॉलची किल्ली, स्पीकर, बटाटेवड्यांची ऑर्डर, मंडळाच्या अध्यक्ष मीनाक्षीताईंचे फोन, यात दत्तप्रसाद बुडून गेले. डोनलने विचारणं कधी बंद केलं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. आलं तेव्हा त्यांना वाटलं, आता याचा आपल्यावर विश्वास बसलाय.

कार्यक्रम दुपारचा होता. निनाद डोनलला गाडीतून घेऊन आला. डोनलने जुन्या क्लबचा टाय बांधला होता, दाढी केली होती, फार देखणा दिसत होता. हॉलभर जरीच्या साड्या, आपट्याच्या पानांच्या नावाखाली कुठली तरी ऑस्ट्रेलियन पानं, पळापळ करणारी आणि आई-बापांना इंग्रजीत उत्तरं देणारी पोरं. डोनल हे सगळं खुशीत बघत होता. पहिल्या रांगेत बसताना त्याने शेजारच्या आजीच्या खांद्याला हाताची मागची बाजू टेकवली. आजी दचकल्या आणि मग त्याला तिळगूळ द्यावा तशा गोड हसल्या.

थिओ वेळेवर आला. ठेंगणा, टक्कल पडलेला, उजवा पाय आत वळवून चालणारा माणूस. दत्तप्रसादांनी त्याला थेट डोनलसमोर नेलं. "डोनल," ते म्हणाले, "हा बघ कोण आलाय. थिओ. थिओ मानोस."

डोनल उठून उभा राहिला. तो नेहमीच उठून उभा राहायचा, आईने लावलेलं वळण. त्याने थिओचा हात हातात घेतला, चांगला हलवला आणि म्हणाला, "भेटून आनंद झाला. फार लांबून आलास का?"

दत्तप्रसादांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. निळे डोळे, स्वच्छ, पाहुण्याकडे बघावं तसे थिओकडे बघत होते. "थिओ," दत्तप्रसाद पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं. "मानोस. तो पोरगा. तू रोज विचारायचास ना."

"मी?" डोनल म्हणाला आणि त्यांच्याकडे बघून हसला. "टॉमी, तू आणि तुझी माणसं."

तेवढ्यात मीनाक्षीताईंनी माइकवर सगळ्यांना बसायला सांगितलं. दत्तप्रसाद व्यासपीठावर गेले. परिचय त्यांनीच लिहिला होता आणि त्यांनाच वाचायचा होता. तो त्यांनी वाचला. स्लायगो, इंग्लंड, डब्लिन, सिडनी. त्यातलं एक वाक्यही त्यांच्या कानात शिरलं नाही. थिओने डोनलच्या खांद्यावर शाल घातली, टाचा उंचावून, कारण डोनल उंच होता. हातात नारळ दिला. टाळ्या झाल्या. मग प्रमुख पाहुण्यांनी दोन शब्द बोलायचे असतात, म्हणून मीनाक्षीताईंनी थिओच्या हातात माइक दिला.

थिओला बोलायची सवय नव्हती. त्याने पायाकडे बोट दाखवून सुरुवात केली.

"हा पाय या माणसाशी खेळताना गेला. लोकांनी मला खूप वेळा विचारलं, त्याच्यावर राग नाही का? नाही. चेंडू मी पुढे ढकलला. जास्त ढकलला. दोनदा त्याला चकवल्यावर मला मस्ती चढली होती. तो चेंडूसाठी आला, त्याला यायलाच हवं होतं, त्याचं कामच ते. तो चेंडू मी हातभर कमी ढकलला असता तर." त्याने माइक दुसऱ्या हातात घेतला. "मी रोज ढकलतो तो चेंडू. बायको म्हणते, झोपेत पाय हलतो तुझा. हा हॉस्पिटलात आला नाही, तेव्हा मला वाटलं, बरोबर आहे, चूक माझी, हा कशाला येईल? पण आज मला बोलावलं, बरं वाटलं."

हॉलने जोरात टाळ्या वाजवल्या. डोनलनेही वाजवल्या. नारळ मांडीत धरून, अगदी मनापासून.

चहाच्या वेळी थिओ बटाटेवड्याची प्लेट घेऊन बाहेर पार्किंगच्या कडेला बाकावर जाऊन बसला. पायाला गर्दी सोसत नव्हती. दत्तप्रसाद त्याच्या मागे गेले. शब्द दिला होता, तू सांगू नकोस, मी सांगणार. पण सांगणारा आत वडा खात होता आणि त्याच्यापाशी आता सांगायला काही उरलं नव्हतं. हा समोरचा माणूस उद्या सकाळी उठून पुन्हा तो चेंडू ढकलणार होता. दत्तप्रसाद आयुष्यात व्यासपीठावर कधी घाबरले नव्हते. त्या बाकाशी मात्र घाबरले.

"तो चेंडूसाठी आला नव्हता," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, त्यांच्या इंग्रजीत, क्रियापदं पुढेमागे होत. डोनलचेच शब्द. हशा, आवाज, क्षणभर वाटलेलं बरं. चेंडू जास्त गेला म्हणून नाही. तुझी चूक नव्हती. त्याला हे तुझ्या तोंडावर सांगायचं होतं.

थिओने प्लेट बाकावर ठेवली. तो रागावला नाही की रडला नाही. मग त्याने विचारलं, "तुला हे कधी सांगितलं त्याने?"

"थंडीत. ऑगस्टात."

"मला फोन केलास तो सप्टेंबरात."

"हो."

"तेव्हा त्याला आठवत होतं?"

दत्तप्रसादांना खोटं बोलता आलं असतं. त्यांच्या मनात तो विचार येऊनही गेला. "आठवत होतं," ते म्हणाले. "रोज तुझं नाव घ्यायचा."

"मी म्हटलं होतं, रविवारी येतो."

"हो."

थिओने त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत शिवी असती तर दत्तप्रसादांनी आनंदाने झेलली असती. पण तो नुसता न कळल्यासारखा बघत राहिला आणि पितृपक्ष म्हणजे काय हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? शाल, नारळ, प्रमुख पाहुणा, स्पीकरचा आवाज तपासून घेणं. एवढ्याशासाठी. आतून कोणाचं तरी गाणं सुरू झालं होतं. दत्तप्रसादांना आपली, आपल्या त्या चारही शालींची मनापासून किळस आली.

तेवढ्यात डोनलच बाहेर आला. कोणीतरी त्याला उन्हात बसवायला आणलं आणि आत निघून गेलं. शाल एका खांद्यावरून घसरली होती. त्याला बघून थिओ बाकावरून उठला. तो दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि त्याचा उजवा हात आपसूक थिओच्या पाठीला जाऊन टेकला. मागची बाजू. थिओ एकदम ताठ झाला.

"हा हात," थिओ कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाला. "त्या दिवशी सगळा वेळ हा हात होता पाठीवर." तरी तो बाजूला सरकला नाही.

डोनलचं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. "पायाला काय झालं रे?" त्याने आस्थेने विचारलं.

"खेळताना मोडला," थिओ म्हणाला. "फार वर्षं झाली. एक जण जोरात आला अंगावर."

"बचावपटू असणार."

"हो."

डोनलने तोंड वाकडं केलं, कुणाचं तरी दुखलं की तो नेहमी करायचा तसं. "मग आला होता का तो तुला बघायला?"

थिओने दत्तप्रसादांकडे बघितलं. मग डोनलकडे. "नाही," तो म्हणाला. "नाही आला."

"यायला हवं होतं त्याने," डोनल म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, डोळ्यांत दिसत होतं. "असं करू नये. मी असतो तर आलो असतो."

डोनलचा हात अजून थिओच्या पाठीवर होता आणि नजर समोरच्या पार्किंगवर, जसा काही तिकडून चेंडू यायचाय. थिओचा चेहरा हळूहळू मोडत गेला. त्याने हात वर नेला आणि डोनलच्या खांद्यावरून घसरलेली शाल, ती काय असते हे नीट माहीत नसताना, पुन्हा वर ओढून दिली.

"हो," दत्तप्रसाद म्हणाले. त्यांनी ते दोघांनाही ऐकू जाईल असं म्हटलं. "तो आला असता. मी येऊ दिलं नाही."